आता पहारा कोणाचा?

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या लहानशा गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे मंदिराच्या भिंतीवर हाताने रेघा मारलेला एक साधा कागद चिकटवलेला दिसतो. कीर्तनकारांची नावे ठळक अक्षरांत छापलेली पत्रिका गावोगाव वाटलेली असते आणि तिच्यापुढे हा कागद अगदीच नगण्य वाटतो. परंतु सात दिवस आणि सात रात्री तो सप्ताह ज्याच्या बळावर उभा राहतो ते बळ या कागदातच असते, कारण त्यावर वीणेच्या पहाऱ्याची फेरिस्त लिहिलेली असते. वीणा एकदा उचलली की काल्याचे कीर्तन होईपर्यंत ती खाली ठेवायची नाही असा शिरस्ता असल्यामुळे, रात्री दोन ते चार हा पहारा ज्याच्या नावावर लागला असेल तो मनुष्य, मग तो गावचा पाटील असो की कोणाच्या घरचा सालदार असो, अंथरुणातून उठून, हातपाय धुऊन मंदिरात येतो, आधीच्या पहारेकऱ्याच्या पाया पडून वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि मंडपात त्या वेळी ऐकणारे एकही माणूस जागे नसले तरी नामस्मरण करीत उभा राहतो. त्याला बक्षीस मिळत नाही, त्याचे नाव कोणी पुकारीत नाही. आपण गेलो नाही तर आधीचा माणूस वीणा घेऊन ताटकळत उभा राहील, ही एकच जाणीव त्याला थंडीतून ओढून आणते.

या कागदाची मला वारंवार आठवण व्हावी असा एक उद्योग गेली पाच वर्षे माझ्याकडे आलेला आहे. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, शाळा-कचेऱ्या बंद झाल्या, आणि घरात कोंडल्या गेलेल्या आमच्याकडील काही तरुणांनी व दोन-तीन निवृत्त शिक्षकांनी मोबाइलवर बुद्धिबळ खेळण्याचे एक मंडळ काढले. लिचेस नावाची जी बुद्धिबळाची सुविधा २०१० साली थिबो द्युप्लेसी या फ्रेंच गृहस्थाने सुरू केली आणि जी आजही जाहिरातींवाचून, केवळ लोकांच्या देणग्यांवर चालते, तिच्यावर असा संघ उघडण्यास एक पैसाही लागत नाही. त्यामुळे आमचे मंडळ एका संध्याकाळीत स्थापन झाले. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतून पाहता पाहता माणसे आली, पुण्या-मुंबईहून गावी परतलेली मुले आली, आणि दर रविवारी रात्री आठ वाजता इतकी गर्दी होऊ लागली की, राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत वत्सगुल्म नगराला, म्हणजे आपल्या वाशीमला, मदनदेवाचे क्रीडास्थान म्हटले आहे त्याची आम्ही एकमेकांस मोठ्या अभिमानाने आठवण करून देत असू. मंडळाचे दप्तर, म्हणजे हजेरीची वही आणि सामन्यांचे निकाल, सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले.

दिवाळी आली तेव्हा त्याच वहीत रविवारची नावे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. यादीतून कोणी नाव काढून घेतले नव्हते. सभासद होते, खेळणारे नव्हते.

ज्या ज्या ठिकाणी मोबाइलच्या द्वारे माणसे एकत्र येतात त्या त्या ठिकाणी ही तक्रार ऐकू येते, मग ते बुद्धिबळाचे मंडळ असो की मुलांचा बीजीएमआय खेळणारा चमू असो. जेकब नील्सन या अभ्यासकाने २००६ साली असे नमूद करून ठेवले आहे की अशा समुदायांत साधारणतः शंभरांतील नव्वद माणसे केवळ पाहत असतात, नऊ अधूनमधून भाग घेतात, आणि सारा भार एकावर पडतो. हे प्रमाण वाचून पुष्कळ चालकांचा धीर खचतो. माझा खचला नाही, कारण कीर्तनात तरी दुसरे काय असते? कीर्तनकार एक, मागे टाळकरी दहा-वीस, आणि समोर सारा गाव बसलेला. म्हणून ती बसलेली माणसे कीर्तनाचे भागीदार नाहीत असे कोणी म्हणत नाही. पाहणे हीदेखील एक प्रकारची उपस्थितीच आहे. परंतु खेळाच्या मंडळाची अडचण अशी की कीर्तन ऐकणाऱ्याचे पुण्य त्याच्या पदरी पडते, तर बुद्धिबळात एकाची खेळी दुसऱ्याला खेळता येत नाही. समोर प्रतिस्पर्धी नसेल तर पट मांडून उपयोग नाही. सबब, पाहणाऱ्याला मान देऊनही त्याला पटावर कसे आणावे, हा प्रश्न उरतोच.

प्रथम आम्ही तेच केले जे सगळे करतात. सामन्याच्या आदल्या दिवशी एक संदेश, सकाळी दुसरा, तासभर आधी तिसरा, त्यानंतर बक्षिसे, त्यानंतर सलग इतके रविवार खेळणाऱ्याच्या नावापुढे तारा. या सर्व युक्त्या आम्ही मोठ्या कंपन्यांच्या खेळांवरून उचलल्या होत्या आणि त्या काही दिवस चालल्यासारख्या वाटल्या. बक्षीस लावले की माणसे वाढत, बक्षीस संपले की आधीच्याहून कमी होत. संदेशांचे तर असे झाले की आमच्या नावाची घंटा वाजली की लोक फोन उपडा ठेवू लागले. आपल्या मित्राने भेटायला यावे म्हणून त्याच्या दारात उभे राहून दिवसातून तीन वेळा हाका मारणारा मनुष्य लवकरच त्या मित्राला नकोसा होतो, ही गोष्ट ज्याला प्रत्यक्ष व्यवहारात कळते त्यालाही मोबाइल हाती आला की विस्मरण का व्हावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

त्या कंपन्यांच्या युक्त्या ज्या हेतूने रचलेल्या असतात तो हेतूच मुळात वेगळा आहे. रोज हजर न राहिल्यास साखळी तुटेल, आज न आल्यास मिळणारी वस्तू हुकेल, अशी रुखरुख मनुष्याच्या मनात पेरून त्याला परत आणणे, आणि परत आणल्यावर त्याचा वेळ किंवा पैसा घेणे, हा तो हेतू होय. पैसे लावून खेळायच्या खेळांनी तर या रुखरुखीला गमावलेली रक्कम परत मिळविण्याच्या आशेची जोड दिली आणि आपल्याकडील कितीतरी घरांत सोयाबीनच्या चुकाऱ्याचे पैसे त्या वाटेने गेले. अखेर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला, २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची त्यास संमती मिळाली, आणि पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी घालीत असतानाच ई-क्रीडा व निखळ करमणुकीचे खेळ यांना उत्तेजन देण्याचे धोरण त्यात नमूद झाले. हा कायदा झाला हे उत्तम झाले असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु कायदा पैशाची ओढ तोडू शकतो. पैशावाचून माणसांना एकत्र धरून ठेवील अशी दुसरी ओढ निर्माण करणे हे सरकारचे काम नव्हे, ते तुमचे-आमचे काम आहे, आणि त्याविषयी आपण अजून पुरेसा विचार केलेला नाही.

माझ्यापुरता हा विचार सुरू झाला तो रिसोडच्या बाजारात. मंडळातील एक अतिशय बुद्धिमान मुलगा, वडिलांबरोबर शेती करणारा, उंटांची जोडी अशी काही चालवी की आमची शिक्षकमंडळी त्याला वचकून असत, तो एकाएकी यायचा बंद झाला होता. त्याला चार महिन्यांनी बाजारात भाजीची पिशवी घेऊन उभा असलेला पाहिला आणि मी, जरा रागानेच, विचारले की बाबा, तू खेळायचे सोडलेस का. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, चार महिने झाले, कोनं एक फोन नाही केला. मले वाटलं, माह्याबिगर तुमचं चालूनच रायलं."

तो मुलगा रुसला नव्हता. त्याचा फोन सोयाबीनच्या सोंगणीत पडून फुटला होता, नवा घेण्यास महिना-दीड महिना लागला, आणि मग आपण नसल्याने कोणाचे काहीच अडलेले नाही हे त्याच्या ध्यानात आले. मी त्याला त्या अवधीत पन्नासहून अधिक संदेश पाठवले होते. पण ते सर्वांना गेलेले संदेश होते आणि सर्वांना लिहिलेले पत्र कोणालाच लिहिलेले नसते. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे सोळा रविवार गैरहजेरीची फुली होती. फुली मारणारा हात माझा होता आणि त्या हाताला एकदाही फोन उचलण्याचे सुचले नाही, याची मला त्या दिवशी मनापासून लाज वाटली.

आपल्या मातीतील खेळांकडे या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट सहज नजरेत भरते. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या पक्षाचे नऊ खेळाडू मैदानात असतात. त्यांतील आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून चौकोनांत बसलेले असतात आणि धावत असतो तो एकटाच. बसलेल्यांची संख्या धावणाऱ्याच्या आठपट, आणि तरीही त्या आठांपैकी एकही जण ऐसपैस बसलेला दिसणार नाही. टाचा उचललेल्या, हात जमिनीला टेकलेले, कान मागे लागलेले, कारण कोणत्या क्षणी पाठीवर थाप पडून 'खो' मिळेल याचा नेम नाही. त्याच खेळाडूंना कोणी खो द्यायचाच नाही असे ठरवून बसवून ठेवले, तर पाच मिनिटांत ते मांडी घालून बसतील आणि दहा मिनिटांत उठून घरी जातील. आमच्या मंडळात नेमके हेच झाले होते. धावणारे चार-पाच जणच धावत राहिले, बसलेल्यांना खो मिळालाच नाही, आणि वर आम्हीच तक्रार करीत होतो की लोक बसून राहतात.

बुद्धिबळाच्या इतिहासातही याचा एक सुंदर दाखला आहे आणि तो ऑनलाइन खेळाचा खरा पूर्वज आहे. दूरस्थ माणसांनी टपालाने बुद्धिबळ खेळावे ही प्रथा जुनी आहे. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरो येथील मंडळांत पत्रांनी झालेला सामना, जो एडिंबरोने जिंकला, विशेष प्रसिद्ध आहे. पुढे अशा खेळाडूंचे आंतरराष्ट्रीय संघटन १९५१ पासून चालत आले, आणि टपालाच्या काळात दहा खेळ्यांस तीस दिवस अशी मुदत प्रचलित होती. एकेक डाव वर्ष-दोन वर्षे चाले. आज दहा मिनिटांत संपणाऱ्या डावालाही मुलांची सबुरी पुरत नाही असे म्हणणाऱ्यांनी विचार करावा की ती माणसे वर्षभर कशाच्या आधारावर टिकून राहत असतील. चकचकीत पडदा नाही, घंटा नाही, तारे नाहीत. पोस्टकार्डावर एक खेळी, आणि ते पोस्टकार्ड ज्याच्या घरी पडले त्याच्यावर आता पाळी आलेली आहे, शेकडो कोसांवर एक मनुष्य पट मांडून आपल्या उत्तराची वाट पाहत आहे, ही जाणीव! सप्ताहातील वीणा आणि ते पोस्टकार्ड यांत मला काही अंतर दिसत नाही.

तेव्हा आम्ही मंडळाच्या कारभाराची मांडणी बदलली. पहिली गोष्ट ही की दर रविवारचा चालक वेगळा. सामना उघडणे, वेळ ठरवणे, जोड्या लागल्या की नाही हे पाहणे, निकाल लिहिणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागील दोन रविवार जे आले नाहीत त्यांना स्वतः फोन करणे, हा त्याचा पहारा. तीन महिन्यांची फेरिस्त आधीच लिहून सर्वांकडे जाते. ज्यांना खेळ फारसा येत नाही असे सभासद या कामात सर्वांत चोख निघाले, आणि चालक म्हणून आलेला मनुष्य पुढचे कित्येक रविवार खेळाडू म्हणून येतो, हे आमच्या वहीत स्पष्ट दिसते. अमुक मनुष्य विश्वासू आहे म्हणून सारे काम त्याच्यावरच टाकायचे ही आपल्या सार्वजनिक जीवनातील जुनी खोड आहे. त्यात त्याचाही छळ होतो आणि इतरांना आपण निरुपयोगी असल्याचे न बोलता सांगितले जाते.

दुसरी गोष्ट तालुक्यांच्या डावाची. मालेगावविरुद्ध मंगरूळपीर, किंवा कारंजाविरुद्ध मानोरा, असा एकच डाव. दिवसाला एका बाजूची एक खेळी. खेळी कोणती करावी याची चर्चा त्या तालुक्याच्या सर्वांनी करायची, पण शेवटचा निर्णय त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याचा. अनुभवी खेळाडू हत्ती पुढे घ्या म्हणत असताना एखाद्या नवख्या मुलीने प्यादे सरकवले तर प्यादेच सरकते, आणि त्यावर कोणी कुरकुर करायची नाही असा नियम आहे. या डावांनी मंडळात जेवढे बोलणे निर्माण केले तेवढे कोणत्याही बक्षिसाने केले नव्हते.

तिसरी गोष्ट अधिक तांत्रिक आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास वरील सर्व खटाटोप व्यर्थ जातो. आम्ही पूर्वी बाद पद्धतीने सामने भरवीत असू. त्या पद्धतीत पहिल्याच फेरीनंतर निम्मे खेळाडू घरी जातात, आणि जे घरी जातात ते बहुधा तेच असतात ज्यांना थांबवण्याची सर्वाधिक गरज असते. १८९५ साली झुरिच येथे प्रथम वापरली गेलेली स्विस पद्धत याच्या उलट आहे: कोणीही बाद होत नाही, प्रत्येक फेरीत समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, म्हणजे दोन डाव हरलेल्याला तिसऱ्या फेरीत दोन डाव हरलेलाच भेटतो आणि त्याच्या जिंकण्याची शक्यता जिवंत राहते. आर्पाड एलो यांनी रचलेली व जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारलेली गुणांकनपद्धती हेच गणिताने सांगते: दोन खेळाडूंत दोनशे गुणांचे अंतर असेल तर वरच्याने शंभरातील सुमारे शहात्तर गुण मिळवावेत अशी अपेक्षा, चारशेचे अंतर असेल तर सुमारे एक्क्याण्णव. दर रविवारी अशा चारशेने वरच्या खेळाडूसमोर ज्याला बसवले जाते तो सहाव्या रविवारी येत नाही, आणि त्याला आळशी म्हणण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. पराभव सोसण्याची ताकद माणसात असते. निष्फळतेची खात्री सोसण्याची ताकद कोणातच नसते.

परंतु आमच्या हजेरीच्या वहीने मला जे सर्वांत मोठे शिकवले ते गणिताने कळणारे नव्हते. पाच वर्षांच्या फुल्या एकाखाली एक मांडल्या तेव्हा दिसले की त्या वर्षातून ठरावीक वेळीच दाटतात: जूनच्या अखेरीस व जुलैमध्ये, आणि पुन्हा सप्टेंबरच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत. ही पेरणीची आणि सोयाबीनच्या सोंगणी-मळणीची वेळ. दिवसभर विळा चालवून आलेल्या मनुष्याने रात्री आठला वजिराची चाल शोधावी अशी अपेक्षा करणारा चालक आपल्या जिल्ह्यात राहत नाही, तो कुठल्या तरी पुस्तकात राहतो. आता त्या दोन्ही काळांत मंडळाची रीतसर सुटी असते, पहाऱ्याची फेरिस्त त्याप्रमाणे लागते, आणि सुटी संपण्याच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येकाला फोन जातो. पूर्वी या दिवसांत गैरहजर राहणारा मनुष्य स्वतःला अपराधी समजून नंतरही येत नसे. सुटी जाहीर झाल्यापासून तो अपराध नाहीसा झाला आणि माणसे परत येऊ लागली. रब्बीत तर उलटच प्रकार दिसला. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री मिळते; रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी देत मोटरीजवळ जागणारे आमचे तीन-चार सभासद मध्यरात्री एकमेकांशी खेळत असल्याचे नोंदींवरून कळले. त्यांच्यासाठी त्या आठवड्यात रात्री अकराचा एक सामना ठेवण्याची तजवीज केली. तो सामना आजही चालू आहे आणि मंडळातील सर्वांत निष्ठावान खेळाडू त्यातच सापडतात.

मुलींच्या बाबतीतही वेळेचाच प्रश्न होता, हे कबूल करण्यास आम्हाला दोन वर्षे लागली. आमच्याकडील बहुतेक घरांत फोन वडिलांचा किंवा भावाचा असतो, आणि रात्री आठला मुलगी स्वयंपाकघरात असते. आम्ही त्या वेळेला सामना ठेवून मुली येत नाहीत म्हणून हळहळत होतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला नमवून फिडेचा महिला विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आमच्या जिल्ह्यातही पेढे वाटले गेले. पण पेढे वाटणे सोपे, रविवारी दुपारी चारला घरातील फोन तासभर मुलीच्या हाती देणे कठीण. आम्ही दुपारचा सामना सुरू केला आणि पालकांशी बोलणे हे चालकाच्या पहाऱ्यात घातले. मुली येऊ लागल्या आहेत. आणखी याव्यात.

याच दिव्याच्या आयुष्यातील दुसरी एक घटना मी नव्या सभासदांना आवर्जून सांगतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये फिडेने प्रथमच ऑलिम्पियाड ऑनलाइन भरवले. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता आणि चौदा वर्षांची दिव्या संघात होती. ३० ऑगस्टच्या अंतिम सामन्यात रशियाशी पहिली फेरी बरोबरीत सुटली, दुसरीत दिव्या आणि निहाल सरीन यांचा संपर्क खंडित होऊन त्यांची वेळ संपली आणि ते डाव गेले. भारताने दाद मागितल्यावर दोन्ही संघांना सुवर्णपदक देण्याचा निर्णय झाला. जगातील सर्वोच्च सामन्यात तुटलेल्या तारेचा विचार करून न्याय दिला जात असेल, तर वीज गेली आणि टॉवर बंद पडला म्हणून हरलेल्या आमच्या मानोऱ्याच्या मुलाचा डाव पुन्हा का खेळवू नये? आमच्याकडे तो पुन्हा खेळवला जातो. नियमाला चिकटून एक गुण वाचवण्यापेक्षा एक मनुष्य वाचवणे मला अधिक मोलाचे वाटते.

संशयाविषयी थोडेसे. ज्याच्या त्याच्या खिशातील फोनमध्ये जगज्जेत्यालाही हरवील असे बुद्धिबळाचे यंत्र बसलेले असल्यामुळे, कोणी अनपेक्षित चांगला खेळला की इतरांत कुजबुज सुरू होते. ही कुजबुज मंडळाला जितक्या झपाट्याने पोखरते तितकी दुसरी कोणतीही गोष्ट पोखरीत नाही. एका मुलावर आमच्याकडे उघड चर्चेत आरोप झाला, पुढे तो निराधार ठरला, तरी तो मुलगा परत आला नाही, आणि त्याला परत आणण्याचे आमचे सर्व यत्न आजवर फसले आहेत. तेव्हापासून अशी शंका केवळ चालकाजवळ, एकांतात मांडावी, असा दंडक आहे.

शेवटची गोष्ट ही की ऑनलाइन मंडळाने ऑनलाइनच राहू नये. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केले आणि १९३६ मध्ये त्यांचा चमू बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके करून आला. एका वऱ्हाडी आखाड्याची एवढी मजल जाण्यामागे रोज पहाटे एकाच मातीत उतरणाऱ्या माणसांचा सहवास होता, हे विसरून चालणार नाही. मोबाइलवरील नाव आणि समोर बसून चहा पिणारा मनुष्य यांत फार मोठे अंतर असते. आम्ही तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेटतो, दर वेळी वेगळ्या तालुक्यात, आणि लाकडी सोंगट्यांनी खेळतो. जिल्हा परिषदेच्या शाळा रविवारी रिकाम्या असतात, ग्रामपंचायतींची सभागृहे महिन्यातून कितीतरी दिवस कुलूपबंद असतात. त्यांतील एखादी खोली महिन्यातून चार तास अशा मंडळांना मिळावी, अशी माझी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना या लेखाच्या द्वारे विनंती आहे. अनुदान नको, पंखा आणि सतरंजी पुरे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, त्याला पाव शतक उलटून गेले. आता मुलांना एकमेकांसमोर बसण्यापुरती जागा तरी त्याने द्यावी.

मी हे लिहीत आहे त्या रात्री रिसोड आणि वाशीम यांच्यातील डाव चोविसाव्या खेळीवर आहे आणि पाळी रिसोडची, म्हणजे त्याच बाजारात भेटलेल्या मुलाची आहे. रात्री दहापर्यंतची मुदत. नऊ वाजून गेले तरी त्याची खेळी आली नव्हती, म्हणून या आठवड्याच्या चालकाने, कारंज्याच्या एका शाळकरी मुलीने, त्याला फोन लावला. तो विहिरीवर होता, या आठवड्यात वीज रात्रीची आहे, मोटर सुरू करून चारी फोडायची राहिली होती. "ताई, पानी वळवतो अन् लगेच टाकतो," एवढे बोलून त्याने फोन ठेवला. दहाला सात मिनिटे कमी असताना पडद्यावर त्याचा उंट कर्णरेषेवरून सरकत येऊन आमच्या हत्तीवर रोखलेला दिसला. आता उद्या पाळी वाशीमची आहे, आणि फेरिस्तीत नाव माझे आहे.